दोनशे मीटर : वळणावर घडलेला इतिहास

शतांश

ऑलिंपिक आलं की शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीसाठी लोक रात्र जागवतात आणि दोनशेचा निकाल दुसऱ्या दिवशी वाचून सोडून देतात. मला हे फार खुपतं. गेल्या सव्वाशे वर्षांत मैदानावर जे काही अविस्मरणीय घडलं, त्यातलं पुष्कळसं दोनशेत घडलंय. म्हणून हा धागा. ज्यांना या शर्यतीबद्दल जिव्हाळा आहे त्यांनी भर घालावी.

आधी वळणाबद्दल, कारण माझ्या मते या शर्यतीचा सगळा इतिहास वळणाचाच आहे. चारशे मीटरच्या प्रमाणित ट्रॅकवर सरळ भाग ८४.३९ मीटरचा असतो. म्हणजे दोनशेतलं निम्म्याहून जास्त अंतर, सुमारे ११५ मीटर, वळणावर कापायचं. पूर्ण वेगात असलेलं शरीर बाहेर फेकलं जात असतं आणि धावपटू डावीकडे झुकून ते आत ओढून धरत असतो. आतल्या लेनमध्ये वळण जास्त आवळलेलं, त्यामुळे उंच धावपटूला तिथे जीव नकोसा होतो. बाहेरच्या लेनमध्ये वळण सैल, पण आठव्या लेनचा धावपटू पहिल्या लेनच्या २६ मीटरहून जास्त पुढे उभा असतो. वळण संपेपर्यंत त्याला कुणीच दिसत नाही. कोण कुठे आहे हे खरं कळतं ते सगळे सरळ पट्ट्यावर आल्यावर. तो क्षण शंभर मीटरमध्ये नाही.

सुरुवात १९०० च्या पॅरिसपासून. १८९६ च्या अथेन्समध्ये दोनशे मीटर नव्हतीच. पॅरिसमध्ये अमेरिकेचा वॉल्टर ट्युक्सबरी २२.२ सेकंदांत जिंकला आणि दुसरा आला कलकत्त्यात जन्मलेला नॉर्मन प्रिचर्ड. त्याचं पदक भारताचं की ब्रिटनचं, यावर आजही एकमत नाही. ऑलिंपिक समिती ते भारताच्या खात्यात धरते, जागतिक ॲथलेटिक्स संघटना ब्रिटनच्या.

१९०४ ला सेंट लुईसमध्ये तर वळणच नव्हतं! सरळ पट्ट्यावर शर्यत झाली. आर्ची हानच्या तिन्ही प्रतिस्पर्ध्यांना चुकीच्या सुरुवातीबद्दल मागे सरकवून उभं केलं होतं. हान २१.६ मध्ये जिंकला आणि तो ऑलिंपिक विक्रम १९३२ पर्यंत कुणी मोडला नाही. पुढच्या सगळ्यांना वळण घेऊन पळायचं होतं, यातच त्याचं कारण आलं.

१९३२, लॉस एंजेलिस. राल्फ मेटकाफ तेव्हा जबरदस्त भरात होता. अंतिम फेरीत त्याच्या लेनची आखणीच चुकली आणि त्याला इतरांपेक्षा मीटरभर जास्त पळावं लागलं. तो तिसरा आला. शर्यत पुन्हा घेण्याचा पर्याय समोर होता, पण पहिले तिघेही अमेरिकेचेच होते. संघाची पदकं धोक्यात घालायला मेटकाफने नकार दिला. एडी टोलनने सुवर्ण नेलं. मेटकाफचं हे वागणं आज फारसं कुणाला आठवत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

१९३६ बद्दल सगळ्यांना माहीत आहे. जेसी ओवेन्स, २०.७. दुसरा आला मॅक रॉबिन्सन, बेसबॉलमधल्या जॅकी रॉबिन्सनचा थोरला भाऊ.

१९६० पर्यंत पुरुषांचं हे सुवर्ण उत्तर अमेरिकेबाहेर गेलंच नव्हतं. अमेरिका, नाहीतर कॅनडा. रोममध्ये लिव्हिओ बेरुती नावाचा इटालियन तरुण काळा चष्मा लावून उतरला, उपांत्य फेरीत २०.५ चा विश्वविक्रम गाठला आणि त्याच दिवशी अंतिम फेरीत पुन्हा २०.५! त्याचं वळण बघाच. अंगाला कुठे ओढाताण नाही, खांदे सैल. वळणावर ताकद लावून भागत नाही, हे त्याच्याकडे बघून कळतं.

मग १९६८ चं मेक्सिको सिटी. पदक वितरणाच्या वेळी अमेरिकेच्या टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी वर्णभेदाविरुद्ध हातमोजा घातलेली मूठ उंचावली, तो फोटो सगळ्या जगाने पाहिलाय, पण त्याच्या आधीचे वीस सेकंद फार थोड्यांनी पाहिलेत. टॉमी स्मिथच्या मांडीचा स्नायू उपांत्य फेरीत दुखावला होता. पट्टी बांधून तो अंतिम फेरीला उतरला. वळणातून बाहेर येताना जॉन कार्लोस पुढे होता. सरळ पट्ट्यावर स्मिथने असा काही वेग पकडला की रेषेच्या बरंच आधी त्याचे दोन्ही हात वर गेले होते, आणि तरीही वेळ १९.८३. वीस सेकंदांच्या आतला पहिला अधिकृत विश्वविक्रम. ऑस्ट्रेलियाच्या पीटर नॉर्मनने शेवटच्या टप्प्यात कार्लोसला गाठून रौप्य मिळवलं, २०.०६.

त्यानंतर मेनेआ, जॉन्सन, बोल्ट. त्यांच्यावर प्रतिसादांतून बोलूच, नाहीतर मूळ लेख आवरणार नाही.

---

पाचवी_लेन

शतांश, मनापासून आभार. मेटकाफचा किस्सा माहीत नव्हता.

पिएत्रो मेनेआबद्दल मी लिहितो. १२ सप्टेंबर १९७९, मेक्सिको सिटी, जागतिक विद्यापीठ स्पर्धा. १९.७२. समुद्रसपाटीपासून २,२४० मीटर उंचीवरची विरळ हवा आणि पाठीशी सेकंदाला १.८ मीटर वारा. हे दोन्ही सांगून लोक त्या विक्रमाला हिणवतात. मला ते पटत नाही. त्याच उंचीवर, त्याच शहरात इतरही पळालेच की. आणि पुढच्याच वर्षी मॉस्कोत, कुठलीही उंची नसताना, बाहेरच्या लेनमधून, वळण संपलं तेव्हा स्पष्ट मागे असलेला मेनेआ ॲलन वेल्सला ०.०२ सेकंदाने हरवून सुवर्ण घेऊन गेला. १९७२ ते १९८४, सलग चार ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत तो पळाला. १९७२ ला कांस्य, १९७६ ला चौथा, १९८० ला सुवर्ण, १९८४ ला सातवा. एका शर्यतीशी इतकी वर्षं इमान राखणारा माणूस विरळा.

विक्रम टिकला जवळजवळ १७ वर्षं. १९९२ ला बार्सिलोनात माइक मार्शने उपांत्य फेरीत शेवटी वेग कमी केला आणि घड्याळात आलं १९.७३! शतांश सेकंदाने हुकला. अंतिम फेरी जिंकला, पण २०.०१ मध्ये.

---

आभाळवेडी

लेख आवडला, पण शतांश, तुम्ही १९६८ पर्यंत आलात आणि एकाही बाईचं नाव नाही? दोनशे मीटर ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी १९४८ ला आली. तिथून लिहायला हवं होतं. असो, मी लिहिते.

लंडन १९४८, पावसाने चिखल झालेला ट्रॅक. दोन मुलांची आई असलेली फॅनी ब्लँकर्स-कोएन २४.४ मध्ये जिंकली. दुसरी आलेली ब्रिटनची ऑड्री विल्यमसन २५.१. सात दशांश सेकंदांचं अंतर! दोनशेच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत इतक्या फरकाने कुणीच जिंकलेलं नाही, पुरुषही नाही. त्या आठवड्यातल्या तिच्या चार सुवर्णांपैकी हे एक.

त्याच शर्यतीतलं कांस्य अमेरिकेच्या ऑड्री पॅटर्सनला मिळालं आणि ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरली. पुढे १९७० च्या दशकात फोटो-फिनिशची मूळ प्रत तपासली, तेव्हा ऑस्ट्रेलियाची शर्ली स्ट्रिकलंड तिच्या पुढे दिसत होती. निकाल बदलला नाही. मला दोघींबद्दलही वाईट वाटतं. स्ट्रिकलंडचं पदक गेलं, आणि पॅटर्सनच्या पदकावर तिचा काही दोष नसताना प्रश्नचिन्ह लागलं.

मग बेटी कथबर्ट, विल्मा रुडॉल्फ, इरेना शेविन्स्का, पूर्व जर्मनीची रेनाटे श्टेखर. आणि त्याच काळात ऑस्ट्रेलियाची रेलीन बॉईल. १९६८ ला दोनशेत रौप्य, १९७२ ला शंभर आणि दोनशे दोन्हींत श्टेखरच्या मागे रौप्य. १९७६ च्या उपांत्य फेरीत दोन चुकीच्या सुरुवातींवरून तिला बाद केलं. १९७० आणि १९८० च्या दशकांतले पूर्व जर्मनीचे निकाल मी निर्मळ मनाने वाचूच शकत नाही. तिथे सरकारी यंत्रणाच खेळाडूंना औषधं देत होती, हे नंतर कागदपत्रांवरून सिद्ध झालं. पण पदकांची यादी आहे तशीच राहिली.

जमैकाच्या मर्लिन ओटीवर तर वेगळा धागा हवा. १९८० ला मॉस्कोत दोनशेत कांस्य, १९८४ ला कांस्य, १९९२ ला कांस्य, १९९६ ला रौप्य. ऑलिंपिक सुवर्ण कधीच नाही. जागतिक स्पर्धेत मात्र १९९३ ला स्टुटगार्टमध्ये २१.९८ मध्ये जिंकली.

---

गणिती

आभाळवेडी, ओटीचं १९९५ चं गोथेनबर्गमधलं सुवर्ण या धाग्याच्या विषयाला अगदी चपखल आहे. ग्वेन टॉरेन्स २१.७७ मध्ये पहिली आली होती, पण वळणावर तिचा पाय आतल्या रेषेवर पडला आणि ती बाद झाली. सुवर्ण ओटीला.

बीजिंग २००८ ला हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. बोल्टच्या मागे दुसरा आला नेदरलँड्स अँटिल्सचा चुरांडी मार्टिना, तिसरा वॉलेस स्पीअरमन. आधी स्पीअरमन रेषेवर पाय पडल्यामुळे बाद. मग अमेरिकेने हरकत घेतली आणि चित्रफितीत मार्टिनाही बाद. चौथा आलेला शॉन क्रॉफर्ड रौप्यपदकाचा मानकरी झाला, पाचवा वॉल्टर डिक्स कांस्यपदकाचा. क्रॉफर्डने नंतर ते पदक मार्टिनाला देऊन टाकलं. अलीकडे हा नियम थोडा सैल केलाय. वळणावर एकदाच पाय आतल्या रेषेला लागला तर लगेच बाद करत नाहीत.

वळणाची किंमत किती, याचा अंदाज सरळ पट्ट्यावरच्या वेळांवरून येतो. टॉमी स्मिथ १९६६ ला सॅन होजेमध्ये सरळ पट्ट्यावर २२० यार्ड १९.५ मध्ये पळाला होता, तेही हातातल्या घड्याळावर आणि मातीच्या ट्रॅकवर. २२० यार्ड म्हणजे दोनशे मीटरहून मीटरभर जास्तच. त्याची वळणासह सर्वोत्तम वेळ १९.८३, मेक्सिकोच्या कृत्रिम पृष्ठभागावर आणि उंचीवर. टायसन गे २०१० ला मँचेस्टरमध्ये रस्त्यावर टाकलेल्या सरळ ट्रॅकवर १९.४१ पळाला, वळणावरची त्याची सर्वोत्तम वेळ १९.५८. म्हणजे चांगल्या धावपटूलाही वळण दीड-दोन दशांश, कधी त्याहून जास्त महाग पडतं.

इनडोअरला तर वळणाने ही शर्यतच संपवली. तिथला ट्रॅक दोनशे मीटरचा, दोन्ही वळणं घट्ट आणि उतरती. आतल्या लेनमधल्याला जिंकण्याची संधीच उरेना, म्हणून २००४ नंतर जागतिक इनडोअर स्पर्धेतून दोनशे मीटर काढून टाकली.

---

शतांश

आभाळवेडी, हे सगळं मूळ लेखाच्या तोडीचं आहे. फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरबद्दल तुमचं काय मत?

---

आभाळवेडी

२९ सप्टेंबर १९८८, सोल. उपांत्य फेरीत २१.५६, विश्वविक्रम. दोनेक तासांनी अंतिम फेरीत २१.३४, पुन्हा विश्वविक्रम. आधीचा विक्रम २१.७१ होता, मारिटा कॉख आणि हाइके ड्रेक्सलर दोघींच्या नावावर. एका दिवसात ०.३७ सेकंद कमी. दुसऱ्या आलेल्या ग्रेस जॅक्सनची वेळ २१.७२, म्हणजे त्या दिवशी सकाळपर्यंतच्या विश्वविक्रमाच्या एका शतांशावर, आणि तरी ती सुमारे साडेतीन मीटर मागे.

औषधं घेतल्याचा संशय आहे, तो मलाही वाटतो. पण तिची एकही चाचणी सदोष आली नाही आणि १९९८ मध्ये ती गेली. स्वतःच्या बचावाला नसलेल्या व्यक्तीवर मी शिक्का मारणार नाही. मला आनंद याचा आहे की आता तो आकडा दुरून बघायचा राहिला नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये एलेन थॉम्पसन-हेराह २१.५३. शेरिका जॅक्सन २०२२ ला युजीनमध्ये २१.४५ आणि २०२३ ला बुडापेस्टमध्ये २१.४१. सात शतांश उरलेत. जॅक्सन मुळात चारशे मीटरची धावपटू, त्यामुळे शेवटच्या पन्नास मीटरमध्ये इतरांची पावलं जड होतात तेव्हा ती तशीच पळत राहते. तो विक्रम मोडेल, माझी खात्री आहे.

---

पाचवी_लेन

आता कळीचा प्रश्न. अटलांटातला मायकल जॉन्सन की बर्लिनमधला बोल्ट? मी जॉन्सनच्या बाजूने.

१ ऑगस्ट १९९६. तिसरी लेन, म्हणजे आवळलेलं वळण. सुरुवातीच्या काही पावलांतच तो किंचित अडखळला. त्याआधी महिनाभर ऑस्लोत फ्रँकी फ्रेडरिक्सने त्याला हरवलेलं. चारशेचं सुवर्ण आधीच खिशात, म्हणजे पायांत तितक्या फेऱ्या जास्त. आणि वेळ १९.३२! जूनमध्ये मेनेआचा विक्रम मोडून त्यानेच १९.६६ केला होता, तो एका झटक्यात ०.३४ ने खाली. फ्रेडरिक्स १९.६८ पळाला, म्हणजे दोन महिन्यांपूर्वी तो विश्वविक्रम ठरला असता, आणि हाती आलं रौप्य. कांस्य मिळवणारा ॲटो बोल्डन १९.८०.

आणि त्याच ऑलिंपिकमध्ये मारी-जोझे पेरेकनेही दोनशे-चारशे दोन्ही जिंकल्या, हे लोक विसरतात.

---

गणिती

माझं मत बोल्टला. २० ऑगस्ट २००९, बर्लिन, १९.१९, समोरून हलका वारा. पहिले शंभर ९.९२, दुसरे ९.२७. जॉन्सनचे १०.१२ आणि ९.२०. म्हणजे दुसऱ्या निम्म्यात जॉन्सन बोल्टपेक्षा वेगवान होता, तुमचा मुद्दा तिथे खरा. पण पहिला भाग वळणाचा आहे. १.९५ मीटर उंचीचा माणूस, ज्याला वळण सगळ्यात जड जायला हवं, तो वळणावर दोन दशांश कमावतो! शतांशांनी धाग्याच्या सुरुवातीला जे मांडलंय, त्या निकषावर बर्लिनला तोड नाही. २००८ चं बीजिंगही मी जॉन्सनच्या वर ठेवतो. १९.३०, सेकंदाला ०.९ मीटर उलट्या वाऱ्यात.

---

शतांश

दोघांचंही म्हणणं पटतं, पण मला विचाराल तर बोल्ट. आणि तो आकड्यांपेक्षा सातत्यासाठी. २००८ च्या आधी एकाही पुरुषाला ऑलिंपिकचं दोनशेचं सुवर्ण दुसऱ्यांदा मिळालं नव्हतं. ओवेन्स नाही, कार्ल लुईस नाही, जॉन्सन नाही. १९८८ ला लुईस १९.७९ पळूनही त्याच्याच सरावातल्या साथीदाराकडून, जो डीलोचकडून (१९.७५) हरला. बोल्टने तीन जिंकली. २००२ ला किंग्स्टनमध्ये जागतिक कनिष्ठ स्पर्धा जिंकली तेव्हा तो १५ वर्षांचा होता, आणि तीही दोनशेतच. शंभर मीटर त्याच्याकडे फार नंतर आली.

---

जुनाजाणता

आशियाई स्पर्धांचा उल्लेख राहिला. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत लेव्ही पिंटोने शंभर आणि दोनशे दोन्ही जिंकल्या. १९५८ ला टोकियोत मिल्खा सिंगनी चारशेबरोबर दोनशेचंही सुवर्ण मिळवलं, आणि हरवलं पाकिस्तानच्या अब्दुल खालिकला, ज्याने त्याच स्पर्धेत शंभर मीटर जिंकली होती. मिल्खा म्हटलं की आपण रोमची चारशे मीटरच आठवतो. त्या काळात आशियातला सर्वांत वेगवान माणूस कोण, हा वाद या दोनशेत मिटला होता. १९८६ ला सोलमध्ये पी. टी. उषाच्या चार सुवर्णांत दोनशेचं एक होतं, आणि २००२ ला बुसानमध्ये सरस्वती साहाने दोनशे जिंकली.

---

मृद्गंध

वाचनमात्र होते, पण आयझॅक मकवालाचं नाव कुणीच घेतलं नाही म्हणून लिहितेय.

२०१७, लंडन, जागतिक स्पर्धा. बोट्स्वानाच्या या धावपटूला साथीच्या पोटदुखीच्या संशयावरून दोनशेची प्राथमिक फेरी पळू दिली नाही आणि चारशेच्या अंतिम फेरीतूनही बाहेर ठेवलं. विलगीकरण संपल्यावर दोनशेसाठी त्याला एकट्याला पळायला लावलं. भर पावसात, रिकाम्या ट्रॅकवर, फक्त घड्याळाविरुद्ध. २०.५३ च्या आत यायचं होतं, तो २०.२० पळाला आणि रेषा ओलांडून तिथेच जोर काढले. त्याच संध्याकाळी उपांत्य फेरी, तिथे २०.१४. अंतिम फेरीत सहावा आला, रमिल गुलियेव्ह जिंकला. शेजारी कुणी नसताना, स्टॅगरचा (लेननुसार पुढे-मागे उभं राहण्याचा) आधार नसताना वळण कसं पळायचं, हे त्या दिवशी दिसलं.

सात वर्षांनी पॅरिसमध्ये त्याच देशाचा लेत्सिले तेबोगो १९.४६ मध्ये जिंकला. बोट्स्वानाचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण, आणि पुरुषांच्या दोनशेत आफ्रिकेचंही पहिलं. त्याची आई काही महिन्यांपूर्वीच वारली होती. केनी बेडनारेक पुन्हा रौप्य, आणि कोविड झालेला असताना पळालेला नोआ लाइल्स तिसरा.

---

पाचवी_लेन

मृद्गंध, लिहीत राहा हो. ही शर्यत मी थेट पाहिली होती आणि अंगावर काटा आला होता.

लाइल्सबद्दल एक. २०२२ ला युजीनमध्ये घड्याळात आधी १९.३२ दिसलं, जॉन्सनचाच आकडा. मग दुरुस्त होऊन १९.३१ झालं आणि २६ वर्षांचा अमेरिकन विक्रम गेला. २०२५ ला टोकियोत त्याने सलग चौथं जागतिक विजेतेपद मिळवून बोल्टची बरोबरी केली. ऑलिंपिकमध्ये मात्र दोनशेत दोनदा कांस्यच.

---

शतांश

पीटर नॉर्मनवर थोडं लिहायचं राहिलं होतं. त्याने त्या दिवशी छातीवर मानवी हक्कांच्या चळवळीचा बिल्ला लावला, आणि कार्लोसचे हातमोजे खोलीवर राहिल्यावर स्मिथच्याच जोडीतला एकेक दोघांनी घालावा, असं त्यानेच सुचवलं. १९७२ च्या ऑलिंपिकला त्याला नेलं नाही. २००६ मध्ये तो गेला, तेव्हा स्मिथ आणि कार्लोस त्याच्या शवपेटीला खांदा द्यायला आले होते. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१२ मध्ये त्याची माफी मागितली.

धावपटू म्हणून त्याचं मोठेपण आकड्यात बघा. त्याचे २०.०६ ऑस्ट्रेलियात ५६ वर्षं कुणाला मोडता आले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेनला गाउट गाउट नावाचा १६ वर्षांचा मुलगा २०.०४ पळाला. पुढच्या वर्षी ऑस्त्रावात २०.०२, आणि टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उपांत्य फेरी. त्याची सुरुवात अजून कच्ची आहे, ब्लॉक्समधून उठायला वेळ लागतो, वळणावर तो बहुतेकदा मागेच असतो आणि सरळ पट्ट्यावर आल्यावर उंच पावलं टाकत एकेकाला गाठतो. बोल्ट, लाइल्स दोघांनीही वळण शिकायला वर्षं घालवली. २०३२ चं ऑलिंपिक ब्रिस्बेनलाच आहे आणि तेव्हा तो २४ वर्षांचा असेल.

मृद्गंध, मकवालाची चारशेमधली कारकीर्दही मोठी आहे. चारशे मीटरचा धागा तुम्ही काढा, मी तिथे येतोच.